उद्यापासून प्रायव्हेट लिमिटेड

पदवीच्या तिसऱ्या वर्षाला कंपनी कायदा हा विषय सक्तीचा आहे आणि त्या विषयाला पंचाहत्तर टक्के हजेरी सक्तीची आहे. पहिली सक्ती विद्यापीठाची, दुसरी महाविद्यालयाची. विषय समजावा अशी सक्ती मात्र दोघांपैकी कुणीही केलेली नव्हती, त्यामुळे त्या आघाडीवर सगळं शांत होतं.

वर्गात साठ विद्यार्थी होते आणि त्यांतली एक पुरवणी. तिचं खरं नाव हजेरीपटावर होतं, पण हजेरीपटाबाहेर ते कुणी वापरत नसे. आपला पेपर लिहून झाला असं समजून आईवडील निवांत बसले होते, त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, दोन भावांच्या पाठीवर ही आली, म्हणून वडिलांनी लाडाने पुरवणी म्हणायला सुरुवात केली. पुढे परीक्षेत ती दर अर्ध्या तासाला हात वर करून पुरवणी मागू लागली, तेव्हा नाव पक्कं झालं.

वडिलांचं कुलपं-किल्ल्यांचं दुकान होतं, घराच्याच पुढच्या भागात. आई घर सांभाळायची आणि एक खिळा सांभाळायची. हा खिळा बाहेरच्या खोलीत, दारातून आत आलं की समोरच दिसेल असा ठोकलेला होता. थोरल्याने कॉलेज अर्ध्यावर सोडलं, मधल्याने पाव वाटेवर सोडलं, आणि खिळा तसाच राहिला. त्यावर कॅलेंडर लावायचं नाही, घड्याळ लावायचं नाही, पिशवी तर नाहीच नाही. "तिथं पदवी लागणार आहे," आई म्हणायची, आणि म्हणताना पुरवणीकडे बघायची. पुरवणीला पुढे वकील व्हायचं होतं. पदवीशिवाय ते दार उघडत नाही, आणि हे कुलूप वडिलांच्या दुकानात आणून उघडण्यासारखं नव्हतं.

कंपनी कायदा शिकवायचे ते कलमसर. चहा मागवायचा तरी आधी एखादं कलम सांगायचं, अशी त्यांची रीत. दर तासाला ते विचारत, "कंपनी म्हणजे कोण?" आणि कुणी तोंड उघडायच्या आत स्वतःच सांगत, "व्यक्ती. कृत्रिम, अदृश्य, पण कायद्याच्या दृष्टीने व्यक्ती. सभासद वेगळे, ती वेगळी. सभासद मरतात, ती मरत नाही." शेवटचं वाक्य ते जरा हेव्याने म्हणत, कारण त्यांची निवृत्ती जवळ आली होती.

त्या वर्षी विद्यापीठाकडे तक्रार गेली की मुलांना नुसतं पुस्तकी ज्ञान मिळतं. विद्यापीठाने तक्रारीची गंभीर दखल घेऊन एक पुस्तक छापलं. त्यात लिहिलं होतं की सात-सात विद्यार्थ्यांनी मिळून एक नमुना कंपनी स्थापन करावी, तिचं नाव, उद्दिष्टं, नियम, शिक्का सगळं रीतसर करावं आणि वर्षभर ती चालवावी. वर्गातल्या बाकीच्या गटांनी 'आम्ही कंपनी स्थापन करण्याच्या विचारात आहोत' असं एका ओळीत लिहून दिलं आणि त्यांना पैकीच्या पैकी गुण मिळाले. खरोखर कंपनी काढण्याचा गाढवपणा एकट्या पुरवणीने केला.

तिच्या गटात आणखी सहा जण होते. काम कधी सुरू करायचं असं तिने एकेकाला फोनवर विचारलं, तर सहाही जणांनी "उद्यापासून" हे एकच उत्तर दिलं. नावाचा रकाना रिकामा होता, आणि पुरवणीच्या डोक्यात राख गेली होती. तिने ठसठशीत अक्षरांत लिहिलं, उद्यापासून प्रायव्हेट लिमिटेड. नोंदणीकृत पत्ता स्वतःच्या घरचा दिला. उद्दिष्टांत लिहिलं, 'छत्र्या दुरुस्त करणे व त्यास पूरक अशी इतर कोणतीही कामे करणे.' छत्र्याच का, तर त्या दिवशी तिची मोडली होती.

कंपनीच्या नावाची पाटी पत्त्यावर लावावी लागते, म्हणून वडिलांनी ती दुकानाशेजारी लावली. दुसऱ्याच दिवशी एक आजोबा मोडकी छत्री घेऊन आले. वडिलांनी ती मुकाट्याने दुरुस्त करून दिली. मग गल्लीतले सगळेच येऊ लागले. सबंध वर्षात त्या कंपनीने केलेलं खरं काम एवढंच.

आता अडचण अशी झाली की आठवड्यातले दोन दिवस कंपनी कायद्याचं व्याख्यान आणि कंपनीचं प्रात्यक्षिक एकाच वेळी, एक तळमजल्यावर आणि दुसरं तिसऱ्या मजल्यावर ठेवलेलं होतं. पुरवणी वेळापत्रक समितीकडे गेली. समितीचे प्रमुख म्हणाले, "दोन्हीकडे हजेरी सक्तीची आहे."

"पण सर, एकाच वेळी दोन्हीकडे कशी येऊ?"

"ते वेळापत्रकात बसत नाही. वेळापत्रकात फक्त वेळ असते. विद्यार्थी कुठे असतो हा शिस्त समितीचा प्रश्न आहे."

पुरवणी प्रात्यक्षिकाला जाऊ लागली. बाकीच्या सहांपैकी पाच जण खालीही नसत आणि वरही नसत. खाली व्याख्यानाला सहावा तेवढा बसायचा, त्याला सगळे कोरस म्हणत. तो सहा वेगवेगळ्या आवाजांत "येस सर" म्हणायचा, त्यांतला एक आवाज मुलीचा होता आणि एक पडशाचा. त्यामुळे त्या सहांची हजेरी शंभर टक्के भरत होती, आणि कंपनी चालवणारीची मात्र आठवड्याला दोनदा बुडत होती.

कंपनीची नोंद संगणकात करायची वेळ आली तेव्हा पुरवणी कार्यालयात गेली. हेडक्लार्कने पडद्याकडे बघून सांगितलं की संगणकात फक्त विद्यार्थ्याची नोंद होते, दुसऱ्या कशाचीही होत नाही.

"पण ही कंपनी आहे."

"व्यक्ती आहे का?"

"कायद्याने आहे."

"मग झालं तर. व्यक्ती आहे, महाविद्यालयात आली आहे, म्हणजे विद्यार्थी. रोल नंबर एकसष्ट." त्याने टाइप करायला घेतलं. "जन्मतारीख?"

"स्थापनेची तारीख चालेल?"

"तारीख असली की चालतं. आईचं नाव?"

"तिला आई नाही."

"असं कसं. रकाना रिकामा सोडला तर पुढचं पान उघडत नाही." त्याने जरा विचार केला आणि पुरवणीचंच खरं नाव तिथे टाकलं. पुढचं पान उघडलं. "फोटो?"

"ती अदृश्य आहे."

"मग तुझाच लाव. कुणाचा तरी चेहरा लागतोच."

तासाभराने ओळखपत्र बाहेर आलं. वर मोठ्या, जाड अक्षरांत उद्यापासून प्रायव्हेट लिमिटेड. मध्ये पुरवणीचा फोटो. आणि फोटोखाली, मुंगीने चालता चालता सोडलेल्या पायांच्या खुणांएवढ्या अक्षरांत, 'करिता' असं लिहून पुढे तिचं नाव. हेडक्लार्कने निळ्या पट्ट्यात अडकवून ते तिच्या हातात दिलं आणि हरवलं तर नवीन मिळणार नाही अशी तंबी दिली.

पुढच्या आठवड्यात पुरवणी वर्गात होती तेव्हा कलमसर हजेरी घेता घेता साठाच्या पुढे गेले. "एकसष्ट," ते म्हणाले. "एकसष्ट कोण आहे?"

"सर, ती आपली कंपनी आहे. रोल नंबर मिळालाय तिला," पुरवणी उभी राहून म्हणाली.

"आली आहे का?"

वर्गात हशा पिकला. कलमसर हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. गैरहजेरी मांडावी तर एवढ्या वर्षांच्या अध्यापनावर बोळा फिरत होता. जी मुळात दिसतच नाही ती दिसत नाही म्हणून नाही असं म्हणायचं, हे तर अडाणी माणसाचं लक्षण झालं. "हजर," असं म्हणून त्यांनी खूण केली, आणि प्राचार्यांकडून रीतसर मार्गदर्शन मागवलं. प्राचार्यांचं परिपत्रक दोन दिवसांत फलकावर लागलं: 'अदृश्य विद्यार्थी गैरहजर असल्याचा पुरावा देणे शक्य नसल्याने त्यास सर्व तासांना हजर समजण्यात यावे.' त्याखाली कुणीतरी पेन्सिलीने लिहिलं, 'आम्हालाही अदृश्य होऊ द्या.' ते कोरसचं अक्षर होतं.

वर्षाच्या शेवटी परीक्षेची प्रवेशपत्रं आली. पुरवणी खिडकीशी गेली. हेडक्लार्कने गठ्ठा चाळला आणि म्हणाला, "तुझं नाही. हजेरी चौऱ्याहत्तर टक्के."

"एका टक्क्यासाठी?"

"टक्का एकच असतो गं, पण त्याच्या अलीकडे सगळे नापास आणि पलीकडे सगळे पास. हे मात्र घेऊन जा." त्याने एक प्रवेशपत्र पुढे सरकवलं. "एकसष्ट नंबर. शंभर टक्के. सबंध वर्षात एकदाही दांडी नाही, उलट उत्तर नाही, कॉपी नाही. अशी मुलं आता कुठं बघायला मिळतात?"

"अहो, पण तिच्यासाठीच तर माझे तास बुडले."

"मग त्याचं तिला काहीतरी वाटलं पाहिजे. तिला विचारून बघ."

पुरवणी तडक कलमसरांकडे गेली. तिला रडू येत होतं, पण ती रागाने रडणारी होती, त्यामुळे ऐकणाऱ्याला ते भांडणच वाटायचं. "सर, ती कंपनी म्हणजे मीच आहे. तिचं सगळं मीच केलंय. तिची हजेरी मला द्या."

कलमसरांचा चेहरा उजळला. असा प्रश्न घेऊन त्यांच्याकडे आजवर कुणी आलंच नव्हतं. "हीच ती चूक," ते आनंदाने म्हणाले. "सगळे इथंच घसरतात. सभासद वेगळा, कंपनी वेगळी. तू तिला जन्म दिलास, पण ती म्हणजे तू नाहीस. हे तू परीक्षेत लिहिलंस तर पूर्ण गुण मिळतील."

"परीक्षेला बसू द्याल तर लिहीन ना."

"हो, तो एक मुद्दा आहे," कलमसर म्हणाले.

शेवटी प्रकरण प्राचार्यांसमोर गेलं. प्राचार्य तडजोडीचे माणूस होते, कुणालाही न्याय न देता सगळ्यांना समाधानाने परत पाठवण्यात त्यांचा हातखंडा. टेबलावर पुरवणीचा अर्ज होता, शेजारी कंपनीचं प्रवेशपत्र. ते प्रवेशपत्राकडे बघून म्हणाले, "आपली हजेरी उत्तम आहे. आपल्याला परीक्षेपासून वंचित ठेवता येणार नाही." मग पुरवणीकडे वळून म्हणाले, "तू गप्प बस. मार्ग निघतोय." कंपनीला आपण आणि तिला तू, हे तिच्या लक्षात आलं, पण त्या वेळी मार्ग महत्त्वाचा होता.

मार्ग असा निघाला. कंपनीला हात नाहीत, त्यामुळे ती लिहू शकत नाही. तिने ठराव करून एका माणसाला प्रतिनिधी नेमावं. त्या माणसाने कंपनीतर्फे पेपर लिहावेत. कंपनी पास झाली की मग पुरवणीच्या पदवीचं 'सहानुभूतीपूर्वक बघू'. सहानुभूतीपूर्वक या शब्दावर प्राचार्यांनी असा काही जोर दिला की पुरवणीला तो होकारच वाटला. बिचारी कायदा शिकत होती, कार्यालयीन भाषा अजून शिकायची होती.

"एक शंका," हेडक्लार्क दारातून म्हणाला. "हिच्या उद्दिष्टांत परीक्षा देणं बसतं का? नाहीतर उद्या भानगड नको."

पुरवणीने ओळ वाचून दाखवली. छत्र्या दुरुस्त करणे व त्यास पूरक अशी इतर कोणतीही कामे करणे. प्राचार्यांनी डोळे मिटून विचार केला. "शिक्षण हे सगळ्यालाच पूरक असतं," ते म्हणाले, आणि त्या दिवशी त्यांच्या तोंडून निघालेलं शिक्षणाविषयीचं ते एकमेव वाक्य होतं.

ठरावाच्या सभेला किमान दोन संचालक लागतात. पुरवणीने कोरसला कँटीनमधून ओढून आणलं. त्याने ठराव मांडला एका आवाजात आणि अनुमोदन दिलं दुसऱ्या आवाजात. विरोधात कुणी आहे का असंही त्याने तिसऱ्या आवाजात विचारलं.

परीक्षेच्या दिवशी पर्यवेक्षिका बाई बाकाशी येऊन थांबल्या. "फोटो तुझा आणि नाव भलत्याच कुणाचं?"

पुरवणीने ठराव दाखवला, प्राचार्यांचं पत्र दाखवलं, कंपनीचा शिक्का दाखवला. बाईंनी सगळं वाचलं. मग अनुभवी नोकरदार माणूस करतो तेच केलं, खाली सही केली आणि पुढच्या बाकाकडे गेल्या.

पहिला प्रश्न होता: कंपनी म्हणजे काय ते सांगून तिची वैशिष्ट्ये सोदाहरण स्पष्ट करा.

पुरवणीने पेन उचललं आणि ती थांबली. कंपनीतर्फे लिहायचं तर उत्तर कंपनीच्याच तोंडून यायला हवं. तिने लिहिलं, 'कंपनी म्हणजे मी.' आणि मग वर्षभराचा जो काही राग साठला होता तो शाईतून उतरू लागला. 'मला शरीर नाही. मला मन नाही, त्यामुळे ते दुखत नाही. माझ्या सात सभासदांपैकी पाच जणांना मी अजून पाहिलेलं नाही, तरी माझ्यावर त्यांचा पूर्ण हक्क आहे. माझ्यासाठी जी राबते ती माझी कुणी नाही. ती गेली तर मला दुसरी मिळेल. मला मरण नाही आणि लाजही नाही.' असं ती लिहीत गेली, आणि पुरवण्यांवर पुरवण्या मागत गेली.

निकाल लागला. उद्यापासून प्रायव्हेट लिमिटेड कंपनी कायद्यात विद्यापीठात पहिली आली. तपासणाऱ्याने शेरा मारला होता, 'स्वानुभवातून आलेले उत्तर, असे क्वचित वाचायला मिळते.' महाविद्यालयाने दारावर मोठा फलक लावला. त्यावर कंपनीचं अभिनंदन, प्राचार्यांचा फोटो, संस्थेच्या अध्यक्षांचा फोटो, कलमसरांचा छोटा फोटो आणि इमारतीचा मोठा फोटो होता.

पुरवणीने प्राचार्यांना सहानुभूतीची आठवण करून दिली.

"बघितलं मी सहानुभूतीपूर्वक," ते म्हणाले. "खूप वाईट वाटलं. पण तू परीक्षेला बसलीच नाहीस, तुला पदवी कशी देणार? पदवी तिची आहे. हां, तिचं विसर्जन केलंस तर तिची मालमत्ता सभासदांकडे येते. पदवी ही मालमत्ता धरता येईल का ते मी विचारून ठेवतो."

विसर्जन करायचं तर तीन-चतुर्थांश सभासदांची संमती लागते. पुरवणीने सभा बोलावली, आणि सबंध वर्षात पहिल्यांदाच सातही जण एका खोलीत जमले. पाच जणांना तर तिने पहिल्यांदाच जवळून पाहिलं. सगळे इस्त्रीचे कपडे घालून आले होते. आपण विद्यापीठात पहिल्या आलेल्या उमेदवाराचे सातव्या हिश्श्याचे मालक आहोत, असं त्यांनी आपापल्या अर्जांत लिहायला सुरुवातही केली होती, आणि दोघांना त्यावर मुलाखतीची बोलावणी आली होती.

"विसर्जन कशाला?" त्यांच्यातला एक म्हणाला. "आत्ता कुठं चांगले दिवस येतायत."

"मी एकटीने सगळं केलंय रे. तुम्ही एक दिवस आला नाहीत," पुरवणी म्हणाली.

"म्हणून तर आम्हाला ती आपली वाटते. तू तिच्यात फार गुंतलीस."

मतदान झालं. सहा विरुद्ध एक. कोरसने एकच मत दिलं, आणि तेही स्वतःच्या खऱ्या आवाजात. त्याचा खरा आवाज बराच बारीक होता.

त्यानंतर आठवड्याभरात निनावी तक्रार आली की परीक्षेत एकीचा पेपर दुसरीने लिहिला, ही तोतयेगिरी आहे. तक्रार खरी होती. तिच्यात खोटं असं काहीच नव्हतं. चौकशी समिती बसली: प्राचार्य, कलमसर आणि हेडक्लार्क. ज्यांनी मार्ग काढला, ज्यांनी कायदा शिकवला आणि ज्याने रोल नंबर दिला, असे तिघंही पलीकडच्या बाजूला बसले होते, आणि अलीकडे एकटी पुरवणी.

"पेपर कुणी लिहिला?" प्राचार्यांनी विचारलं.

"कंपनीने. माझ्या हाताने. तुमच्याच सल्ल्याने."

"सल्ला तोंडी होता," प्राचार्य म्हणाले.

"पत्र आहे ना."

"ते कंपनीला लिहिलेलं आहे. तू ते वाचायचं कारणच नव्हतं."

कलमसरांनी हात वर केला. त्यांना राहवलं नाही. "इथं एक सुंदर तत्त्व लागू होतं. कंपनी आणि तिच्या मागचा माणूस यांच्यामध्ये कायद्याने एक पडदा धरलेला असतो. पण गरज पडली तर तो पडदा बाजूला करून मागचा माणूस बघता येतो."

"गरज कधी पडते, सर?" पुरवणीने विचारलं.

"शिक्षा द्यायची असली की."

"आणि बक्षीस द्यायचं असलं की?"

कलमसरांनी प्राचार्यांकडे बघितलं. प्राचार्य खिडकीबाहेर बघत होते. "तेव्हा पडदा असलेला बरा दिसतो," कलमसर हळूच म्हणाले. ते वाईट माणूस नव्हते. त्या दिवशी घरी जाऊन ते जेवले नाहीत, असं पुढे कळलं. पण सही त्यांनी केली.

निर्णय असा झाला: कंपनीला हात नसल्याने ती गुन्हा करूच शकत नाही, तेव्हा तिची पदवी अबाधित. हात पुरवणीचे, तेव्हा पुरवणीला दोन वर्षं परीक्षाबंदी. पुरवणी घरी आली आणि आईला एका वाक्यात सांगून मोकळी झाली. "पास झाली ती, नापास झाले मी."

पदवीचं प्रमाणपत्र पोस्टाने घरीच आलं, कारण नोंदणीकृत पत्ता तोच होता. आईने हात पुसले, चष्मा लावला आणि उजेडात नेऊन वाचलं. "तुझं नाव कुठाय?"

"खाली. करिताच्या पुढे."

आईने कागद डोळ्यांजवळ नेला. "एवढं बारीक?" वडील दुकानातून छत्रीची काडी हातात घेऊनच आत आले होते, ते तसेच उभे राहिले. आईने कागदाची नीट घडी केली, कपाटातल्या जुन्या चादरींखाली सारली आणि म्हणाली, "या बयेसाठी नाही ठोकलेला तो खिळा."

पुढे महाविद्यालयात एका मोठ्या कार्यालयाचे लोक नोकरभरतीला आले. पहिल्या आलेल्या उमेदवाराला त्यांनी आधी बोलावलं. प्रतिनिधी म्हणून पुरवणी गेली. सहा जणांनी तसा ठरावच केला होता, आणि दोन वर्षं घरी बसून करायचं तरी काय.

"उमेदवाराला रजा लागते का?"

"नाही."

"आजारपण? घरच्या अडचणी?"

"तिला शरीर नाही. घरही माझंच आहे."

"निवृत्ती कधी?"

"तिला मरण नाही."

समोरच्या तिघांनी एकमेकांकडे बघितलं. "आम्ही कित्येक वर्षं असाच माणूस शोधतोय," त्यांच्यातला वडीलधारा म्हणाला, आणि त्याने नेमणुकीचं पत्र पुढे सरकवलं.

तेव्हापासून पुरवणी रोज सकाळी उद्यापासून प्रायव्हेट लिमिटेडतर्फे कामाला जाते. काम ती करते, कौतुक कंपनीचं होतं, पगार कंपनीच्या नावाने जमा होऊन सात जणांत वाटला जातो, आणि चूक झाली की साहेब पडदा बाजूला करून तिला केबिनमध्ये बोलावतात. परीक्षाबंदी संपली की पुन्हा बसायचं, असं तिने ठरवलंय. कधीपासून अभ्यास करणार असं आईने विचारलं तेव्हा तिच्या तोंडून उत्तर निघालं ते ऐकून तिची तीच चपापली.

खिळ्यावर आता एक वस्तू असते. संध्याकाळी घरी आलं की गळ्यातून काढून कुठेतरी टांगायला हवं ना. पहिल्या दिवशी तिने ते तिथे अडकवलं तेव्हा आईने बघितलं, आणि ती पानं घ्यायला वळली. निळा पट्टा, वर मोठ्या, जाड अक्षरांत कंपनीचं नाव, मध्ये फोटो, खाली बारीक अक्षरांत ती.

तुम्ही हसलात, हसा. हसायलाच लिहिलंय. मात्र वाचून झालं की उठून जरा आपल्या दारामागच्या खिळ्यापाशी जा. तिथे पट्ट्याला टांगलेलं जे आहे ते हातात घ्या आणि सगळ्यात वर, सगळ्यात मोठ्या अक्षरांत कुणाचं नाव लिहिलंय ते वाचा. तुमचं खाली असेल. चष्मा लावा म्हणजे दिसेल. फोटो मात्र तुमचाच आहे, त्याबद्दल तक्रार करू नका. कुणाचा तरी चेहरा लागतोच.